सात चाकूंची पारख

आई गेली त्या वर्षीची दिवाळी. भाऊबीज आटोपली आणि आम्ही तिघे भावंडे गोंदियाच्या घरातले सामान वाटायला बसलो. भांडी, पलंग, शिलाई यंत्र यांची वाटणी तासाभरात झाली. अडले ते एका बिस्किटाच्या डब्यापाशी. डब्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले सात घडीचे चाकू होते. काही आजोबांचे, काही वडिलांचे, एक धाकट्या काकांचा. लहानपणी त्यांना हात लावायची आम्हांला मुभा नव्हती, आणि मोठेपणी हात लावावा असे कुणाला वाटले नव्हते.

धाकट्या भावाने त्यांचे फोटो आधीच नागपूरच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवले होते. त्याने सातही मिळून अठरा हजार रुपये देऊ केले होते. अट एकच, पांढऱ्या मुठीचा चाकू त्यात हवाच. भावाची धानाची शेती. त्या वर्षी कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि बांधीतला धान आडवा झाला. "दादा, तू इथं मास्तरकी नको लावू. देऊन टाकू," तो म्हणाला. ताई म्हणाली, "सातांतल्या एकावरच तो अडून बसला, म्हणजे त्या एकातच काहीतरी आहे." मी होळीपर्यंतची मुदत मागितली. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला होता, पण घरातल्या सात वस्तूंचे वय मला सांगता येत नव्हते, याची थोडी लाजही वाटली.

त्या चार महिन्यांत जे शिकलो ते इथे मांडतो आहे. आपल्याकडे जुन्या वस्तूंचा शौक नाही असे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे पाहायला लोक आवर्जून जातात. मात्र खिशातल्या चाकूकडे अशा नजरेने सहसा कुणी पाहत नाही. आणि तो तर जुन्या घरांतून, दिवाणजींच्या पेटीतून, रेल्वेवाल्यांच्या डब्यातून हमखास निघतो.

संच म्हणजे काय

व्यापारी आमच्या चाकूंना 'सेट' म्हणत होता. पहिली गोष्ट समजली ती ही, की तो सेट नव्हता. संग्राहकांच्या भाषेत संच म्हणजे एकाच कारखान्याने एकत्र विकण्यासाठी बनवलेल्या, शक्यतो मूळ पेटीसह टिकलेल्या वस्तू. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात आठवड्याच्या सात वारांसाठी सात वस्तऱ्यांची पेटी बनत असे. तो खरा संच. त्यातला एक वस्तरा हरवला तर उरलेल्या सहांची किंमत सातात सहा इतकीही राहत नाही. उलट आमच्यासारखा घरात साठत गेलेला गठ्ठा फोडल्याने काही बिघडत नाही. प्रत्येक नग वेगळा पारखायचा आणि वेगळाच मोजायचा. व्यापारी एकरकमी भाव सांगतो तेव्हा बहुतेक वेळा एका नगाचा भाव बाकीच्यांच्या आड लपवलेला असतो. ताईचा अंदाज बरोबर होता.

आमचे साठत कसे गेले तेही सांगतो. आजोबा एका मालगुजाराकडे दिवाणजी होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तोवर त्यांचे आयुष्य वसुलीच्या वह्यांत आणि बोरूच्या टोकाशी गेले. बोरू रोज तासावा लागे. इंग्रजीत छोट्या चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, ते पिसाची लेखणी तासायचा चाकू म्हणून. आपल्याकडचा 'कलमतराश' हा फारसी शब्दही तेच सांगतो. शेफील्डने पिसासाठी घडवलेले छोटे पाते आमच्याकडे बोरूसाठी वापरले गेले. वडील रेल्वेत, गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणाऱ्या छोट्या लाइनीवर गार्ड होते. धाकटे काका दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन आले. तीन माणसांच्या तीन नोकऱ्या आणि सात चाकू, एवढाच तो 'सेट'.

नाव शेवटी

माझा पहिला आठवडा भिंग घेऊन पात्यांवरची अक्षरे वाचण्यात गेला, आणि तो बराचसा वाया गेला. नागपूरच्या एका हौशी संग्राहकाने मला थांबवले. ते म्हणाले, "मास्तर, नाव शेवटी वाचा. चाकूवर सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे खोटं नाव ठोकणं. आधी स्प्रिंग ऐका, मग मूठ पाहा, मग झीज पाहा. एवढं झाल्यावर नाव वाचा, आणि आधीच्या तिघांशी जुळतं का ते बघा."

स्प्रिंग ऐकणे म्हणजे काय ते त्यांनी दाखवले. घडीच्या चाकूच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते. पाते उघडताना ती वाकते आणि पाते सरळ झाले की जागेवर बसते. चांगल्या चाकूत या दोन्ही वेळा स्वच्छ 'खट्' आवाज होतो, आणि चाकू उघडा असो की मिटलेला, ती पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट राहते. बोट फिरवले तर कुठे पायरी लागत नाही. हलक्या मालात पाते ढिले असते, डुलते, आवाज दबका येतो. ही बसवणूक हाताची. शेफील्डमध्ये एकेका चाकूमागे घडाई करणारा, सहाणेवर पाते घासणारा आणि जोडणी करणारा असे वेगवेगळे कारागीर असत. भाड्याच्या छोट्या खोल्यांत काम करणाऱ्या या कारागिरांना तिथे 'लिटल मेस्टर' म्हणत. पाती घासणाऱ्यांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने भरत आणि त्यांतले कितीतरी ऐन तारुण्यात मरत. तो 'खट्' आवाज अशा हातांचा असतो, आणि त्याची नक्कल करणे नाव ठोकण्याइतके सोपे नाही.

झीज पाहण्याची रीत आणखी सोपी. चाकू मिटवून पाहा. नव्या पात्याने मुठीतली फट लांबीला आणि रुंदीला जवळजवळ भरलेली असते. वर्षानुवर्षे धार लावली की पाते अरुंद होते, टोक मागे सरते आणि फटीत रिकामी जागा दिसू लागते. संग्राहक सर्वांत आधी ही जागा पाहतो. पाते निम्मे झिजले असेल तर नाव कितीही मोठे असो, भाव एकदम खाली येतो. दोन पात्यांच्या चाकूत एक पाते भरलेले आणि एक झिजलेले असेल, तर भरलेले मागाहून बदललेले तर नाही ना, हेही पाहावे लागते.

दोन रॉजर्स

आमच्या डब्यात 'रॉजर्स' दोन निघाले. एकाची मूठ पांढरी, दुसऱ्याची म्हशीच्या शिंगाची काळी.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचे नाव हिंदुस्थानात एके काळी चाकूला पर्याय म्हणून घेतले जाई. त्यांची खूण म्हणजे तारा आणि माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकांशी रुंद होणाऱ्या चार भुजांचा क्रूस. १८२२ साली त्यांना इंग्लंडच्या राजाचे कटलर म्हणून मान मिळाला, आणि तेव्हापासून ते पात्याच्या बुडाशी राजमुकुट आणि राजाची आद्याक्षरे ठोकू लागले. ही आद्याक्षरे वय ठरवायला फार उपयोगी. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असतील तर तो व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१. जी आणि आर असतील तर जॉर्ज. पण कुठला जॉर्ज ते इतर खुणांवरून ठरवावे लागते, कारण १८३० पूर्वीही एक जॉर्ज होता आणि १९१० नंतरही. 'हर मॅजेस्टी' की 'हिज मॅजेस्टी', म्हणजे राणी की राजा, एवढा एक शब्दही पुष्कळ सांगतो.

पांढऱ्या मुठीच्या चाकूवर व्ही, मुकुट, आर आणि कंपनीचा सहा, नॉरफोक स्ट्रीट हा पत्ता होता. अक्षरे खोल, कडा स्वच्छ, स्प्रिंगचा आवाज जसा हवा तसा, दोन्ही पाती भरलेली. सगळ्या साक्षी जुळत होत्या.

काळ्या मुठीच्या चाकूवरही नाव तेच वाटते. पण रॉजर्स या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे डी आहे. उच्चारात तो फारसा ऐकू येत नाही आणि देवनागरीत लिहिताना दिसत नाही. आमच्या दुसऱ्या चाकूवर तो डी नव्हता. क्रॉस म्हणजे साधी अधिकची खूण होती. पाते डुलत होते. म्हणजे नक्कल. त्या काळी अशी नक्कल सर्रास होत असे. जर्मनीत बनलेल्या हलक्या मालावर शेफील्डचे नाव ठोकून तो जगभर विकला जाई, आणि शेफील्डकरांच्या ओरडीमागे हे एक मोठे कारण होते. त्यातून इंग्लंडात १८८७ साली व्यापारी खुणांचा कायदा झाला आणि १८८९ साली हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. पाठोपाठ १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून पात्यावर नुसते शहराचे नाव न राहता 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असे देशाचे नावही असेल, तर तो चाकू साधारणपणे १८९० नंतरचा मानायचा.

झीज मात्र भलतेच सांगत होती. अस्सल रॉजर्स जवळजवळ न वापरलेला होता. नकली रॉजर्सचे छोटे पाते घासून घासून गवताच्या पात्याएवढे उरले होते. घरात सांगतात की पांढरा चाकू मालगुजाराने आजोबांना बक्षीस दिला होता. ते खरे असो वा नसो, आजोबांचे बोरू आयुष्यभर ज्याने तासले तो चाकू नकली होता, आणि त्याने काम चोख केले होते.

मुठीची साक्ष

तोवर मला वाटत होते की पांढरा चाकू अस्सल ठरला म्हणजे भावाचे काम झाले. संग्राहकांनी विचारले, "मूठ कशाची?" आणि इथून गोष्ट अवघड झाली.

पांढरी मूठ चार प्रकारची असू शकते: हाड, हस्तिदंत, शिंपला किंवा सेल्युलॉइड. शिंपल्याची चमक वेगळीच असते, तो लगेच बाजूला पडतो. सेल्युलॉइड हे कापूर घालून केलेले जुने प्लास्टिक. हस्तिदंताची नक्कल म्हणून त्यात रेघा घातलेल्या असतात, पण त्या वहीच्या पानासारख्या अगदी सारख्या अंतरावर असतात, आणि बोटाने चोळले तर कापराचा किंचित वास येतो. खरा प्रश्न हाड की हस्तिदंत एवढाच उरतो. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. भिंगाखाली त्या काळसर ठिपके किंवा आखूड रेघोट्या होऊन दिसतात, कारण शंभर वर्षांचा मळ त्यांत बसलेला असतो. हस्तिदंतात अशा नळ्या नसतात. त्याच्या लांबीला बारीक, किंचित नागमोडी रेषा जातात, आणि जिथे तो आडवा कापला जातो तिथे एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. ही जाळी हत्तीच्या दाताची खास ओळख. तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय काही लोक सांगतात. तो करू नये. वस्तूला कायमचा डाग पडतो, आणि भिंगाने जे दिसते त्यापेक्षा जास्त काही कळत नाही.

मी सराफाकडून दहापट मोठे दाखवणारे भिंग मागून आणले आणि दुपारच्या उन्हात अंगणात बसलो. खोटे कशाला बोलू, मी ठिपके शोधत होतो. ठिपके दिसले असते तर ते हाड ठरले असते आणि चाकू विकता आला असता. ठिपके नव्हते. मुठीच्या मागच्या टोकाशी, पट्टी जिथे आडवी कापली होती, तिथे ती जाळी होती. फिकट, पण होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हत्ती १९७७ मध्ये आला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने बाहेरून आलेल्या हस्तिदंताचाही झाला, म्हणजे मूठ आफ्रिकेच्या हत्तीची आहे ही सबबही संपली. व्यापाऱ्यांनी त्याला आव्हान दिले, ते २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. त्याच वर्षी घरात असलेल्या अशा वस्तू जाहीर करायला सरकारने १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा वडील हयात होते, पण त्या डब्यात हस्तिदंत आहे हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते! म्हणजे आमच्या डब्यातली बाजाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू विकणे हा गुन्हा होता. व्यापाऱ्याला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही.

सांबर आणि बैलाचे हाड

दोन चाकूंच्या मुठी तपकिरी, खडबडीत, सांबरशिंगासारख्या होत्या. त्यांतला एक शेफील्डच्या जॉर्ज वोस्टनहोमचा. त्यावर आय, तारा, एक्स, एल अशी प्रसिद्ध खूण होती. इंग्रजीत ती अक्षरे सलग उच्चारली की 'मी सरस आहे' असा अर्थ निघतो. दुसरा नाव नसलेला, गावच्या लोहाराने घडवलेला. वडील तो रोज वापरत.

आपण सरसकट शिंग म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. गाय, म्हैस, गवा यांचे शिंग वाढत राहते, जन्मभर टिकते आणि नखाच्या जातीचे असते. सांबर, चितळ यांची शिंगे मुळात हाडे. ती दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. आमचा जिल्हा नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा. २०१३ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. जुन्या काळी रानात गळून पडलेली शिंगे माणसे घरी आणत आणि लोहाराकडून त्यांच्या मुठी करून घेत. हिंदुस्थानातल्या जंगलांतले हेच शिंग जहाजांनी शेफील्डला आणि जर्मनीतल्या झोलिंगेनला जाई, आणि चाकूची मूठ होऊन परत आपल्याच बाजारात येई. ही निर्यात गेल्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. आज गळलेले शिंग असले तरी त्याची खरेदी-विक्री मोकळी नाही.

आता वोस्टनहोमचा चाकूही हातातून जाणार असे मी धरून चाललो. भिंगाने मात्र उलटे सांगितले. सांबरशिंगाची साल झाडाच्या सालीसारखी असते. खाचा कुठे खोल, कुठे उथळ, कुठे एकमेकींत मिसळलेल्या. कडेला पाहिले तर आतला भाग स्पंजासारखा. या मुठीच्या खाचा एका मापाच्या होत्या, आणि खाचांच्या मधल्या गुळगुळीत भागात मी पांढऱ्या मुठीत ज्यांना शोधत होतो ते काळे ठिपके होते. गुरांचे हाड घेऊन, त्यावर खाचा पाडून, रंगवून सांबरशिंगाचा आव आणायची शेफील्डची जुनी रीत होती. म्हणजे कंपनी अस्सल आणि मूठ 'नकली'. त्या नकलीपणामुळेच तो चाकू विकता येणार होता. लोहाराच्या बिननावाच्या चाकूची मूठ मात्र खऱ्या सांबराची निघाली.

उरलेले तीन

काकांचा चाकू लष्करी होता. काळ्या मुठीवर चौकडीच्या खाचा, एक रुंद पाते, डबा उघडायचा आकडा, दोरीच्या गाठी सोडवायचा जाड सुळा, आणि कमरेला अडकवायची कडी. पात्यावर ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण आणि १९४३ हे साल. असे चाकू युद्धात अमाप बनले, त्यामुळे त्यांना भाव मोठा नाही. पण कडीजवळच्या धातूवर खिळ्याने कोरलेला एक आकडा होता, आणि तो काकांच्या लष्करी दाखल्यावरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. वस्तूचा मालक असा कागदाने सिद्ध होतो, तेव्हा संग्राहकाच्या लेखी तिचे मोल वाढते. नुसत्या 'घरात सांगतात' या आधाराला तो किंमत देत नाही.

एक चाकू झोलिंगेनचा. त्या शहराच्या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. तिथे बनला नसेल तो माल ते नाव लावू शकत नाही. याची मूठ कासवाच्या पाठीची नक्कल करणारी सेल्युलॉइडची होती, आणि पाती गंजाने खाल्लेली. गंजाचे कारण मला आधी समजेना, कारण शेजारचे चाकू त्यामानाने बरे होते. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती आधी स्वतःचीच पाती खाते, मग शेजाऱ्यांची. बंद डब्यात तर लवकर. असा चाकू बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर जागी ठेवावा. चामड्याच्या म्यानातही जुना चाकू वर्षानुवर्षे ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पितळेला हिरवा कळंक चढतो. शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात आणि तेलाचे बोट पात्यावर, एवढे पुरे.

शेवटचा पितळी मुठीचा, बिननावाचा, देशी. अविभाजित पंजाबात वजीराबाद आणि आपल्या उत्तरेत रामपूर ही चाकूंची गाजलेली ठिकाणे. पण नाव नसताना केवळ घाटावरून गाव सांगणे धाडसाचे ठरेल. याच्याबाबत आमच्याकडून एक चूक झाली. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी तांब्या-समयांबरोबर तोही चिंचेने घासून सोन्यासारखा लखलखीत केला होता. पितळेवर काळाने चढलेला तपकिरी थर हाच त्याच्या वयाचा दाखला असतो. तो गेला की वस्तू नवी दिसते, आणि जुन्या वस्तूने नवे दिसणे हा तोटा आहे. घरी जुना चाकू सापडला तर विकण्याआधी घासू नका, धार लावू नका, आणि 'जरा चमकवून ठेवा' असे सांगणाऱ्याचे ऐकू नका.

पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर मात्र वयाचा प्रश्न सोपा होतो. न गंजणारे पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली केले. तो शब्द असलेला चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळचा असूच शकत नाही, सांगणारा काहीही सांगो.

भाव

भाव ठरवताना मी तीन प्रश्न विचारायला शिकलो. पहिला, असाच नग खरोखर कितीला गेला? मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. मागायला कुणाचे काय जाते? झालेल्या लिलावाचा आकडाच खरा. दुसरा, आपला नग त्याच्याइतका भरलेला आहे का? तिसरा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही: तो भाव मला मिळू शकतो का? परदेशातल्या लिलावाचा आकडा गोंदियातल्या माणसाच्या कामाचा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शस्त्र कायद्याची भीती मात्र बहुतेक घरांत नाहक असते. त्याच्या नियमांत परवान्याच्या यादीतली धारदार शस्त्रे म्हणजे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची. खिशातला चाकू त्यात बसत नाही.

या तीन प्रश्नांतून गेल्यावर आमच्या सातांचा हिशेब असा झाला. वोस्टनहोम, भरल्या पात्यांचा, सात हजारांना गेला. नकली रॉजर्स, गंजलेला झोलिंगेन आणि चिंचेने घासलेला पितळी, तिन्ही मिळून दीड हजार. घेतले त्या संग्राहकांनीच, प्रत्येकातला दोष कागदावर लिहून घेऊन. काकांचा चाकू दाखल्यासह त्यांच्या मुलीकडे गेला. अस्सल रॉजर्स आणि लोहाराचा चाकू यांच्याविषयी मी वन खात्याकडे लेखी कळवले आहे, फोटो जोडले आहेत, पोच घेतली आहे. निर्णय यायचा आहे. ते दोन्ही जमा करावे लागले तर करू.

म्हणजे अठरा हजारांऐवजी साडेआठ हजार. मी आणि ताईने आमचा वाटा भावाला दिला. तरी त्याच्या हाती आले ते अठराच्या निम्म्याहून कमी. मी त्याला होळीच्या आधी घरी बोलावले, भिंग हातात दिले आणि पांढऱ्या मुठीच्या टोकाची जाळी दाखवली. त्याने बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "दादा, हे तू पाहिलंच नसतं तर?"

या प्रश्नाला मी शाळेत देत होतो तशी उत्तरे आहेत. न पाहता विकला असता तरी गुन्हा गुन्हाच ठरला असता, आणि पकडले गेलो असतो तर व्यापारी नामानिराळा राहून भावाचे नाव पुढे आले असते. ते मी त्याला सांगितले. त्याला ते पटले असावे, कारण तो पुढे काही बोलला नाही. पण पारख करायला बसले की आपल्याला हवे ते दिसेलच असे नाही, हे मला त्या दुपारी अंगणात समजले होते, आणि ते त्याच्या पैशांवर समजले होते.

निघताना त्याने लोहाराचा चाकू उचलला, उघडला, मिटवला. या चाकूची स्प्रिंग गावठी. आवाज 'खट्' असा येत नाही, दबका येतो. "बाबा आंबा कापायचे तेव्हा हाच आवाज यायचा," तो म्हणाला, आणि चाकू परत फडक्यात ठेवून दिला.